एक जूनचा जन्म

दर जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या शाळेची बातमी लिहायला बसते. बातमी म्हणजे पानभर मजकूर. शाळा कधी उघडणार, पहिलीला किती लेकरं आली, पुस्तकं पोचली की अजून तालुक्यालाच पडून आहेत, आणि सगळ्यात शेवटी, आमच्याकडे शिकून गेलेली पोरं यंदा कुठल्या कॉलेजात चालली. चौथीपर्यंतच्या दोन खोल्यांच्या शाळेनं कॉलेजच्या बातम्या कशाला द्यायच्या, असं आमचे मुख्याध्यापक सर दरवर्षी म्हणतात. मी दरवर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करते. गावाच्या ग्रुपवर ते पान टाकते आणि एक छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवते. लोक शेवटचा भागच वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाचं पोरगं आयटीआयला, कुणाचं डिप्लोमाला, कुणाची पोरगी बारावीनंतर घरी, हे सगळं त्यात असतं. घरी बसलेल्यांचं मी लिहीत नाही, पण गाळलेली नावंही लोक बरोबर वाचतात.

मागच्या जूनमध्ये मी ते पान दोनदा लिहिलं. पहिल्या खेपेला त्यात एक ओळ जास्त होती, दुसऱ्या खेपेला मी ती काढली. त्या ओळीतल्या मुलीबद्दल मला सांगायचं आहे, आणि माझ्याबद्दलही. माझ्याबद्दल सांगायला जास्त जड जातंय.

आमचं गाव निलंग्याहून पाऊण तासावर, पार कर्नाटकच्या कडेला. मी निलंग्यात राहते आणि सकाळच्या एस.टी.नं गावात जाते. गावात सोयाबीन, तूर, थोडा ऊस. निम्म्या घरांतल्या सुना पलीकडच्या गावांतून आलेल्या, त्यामुळं पहिलीतली बरीच लेकरं पहिले दोन महिने अर्धं कानडी बोलतात. मला आता ते समजतं. बोलता येत नाही, समजतं एवढंच.

बारा वर्षांमागची गोष्ट. शाळेचा पट एकोणीसवर आला होता आणि वीसच्या आतल्या शाळा बंद होणार अशी आवई उठली होती. शाळा बंद म्हणजे लेकरांना ओढ्यापलीकडं दोन मैल चालत जावं लागणार, आणि आम्ही दोघं शिक्षक अतिरिक्त ठरणार. अतिरिक्त हा शब्द ज्यानं ऐकला नाही त्याला त्यातली भीती कळायची नाही. तुमचं बिऱ्हाड उचलून कुठं टाकतील याचा पत्ता नसतो. किनवटकडं इस्लापूरच्या बाजूला पाठवलेला एक शिक्षक मला माहीत होता, त्याची आई इकडं अंथरुणाला खिळलेली. तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. सर म्हणाले, "मॅडम, एक नाव. कसंही करून एक नाव पाहिजे."

जूनमध्ये आम्ही घरोघर फिरतो, कुणाचं लेकरू सहा वर्षांचं झालं ते बघत. त्या वर्षी गाव दोनदा पालथं घातलं. सहाचं कुणीच उरलं नव्हतं. शेवटी गावाच्या टोकाला एका शेतकऱ्याच्या दारात गेले. त्याचा मुलगा आमच्या तिसरीत होता. ओसरीवर तो पाढे म्हणत बसला होता आणि त्याच्या शेजारी एक चिमुरडी, नाक गळतंय, हातात शेंगदाण्याची मूठ, त्याच्या मागोमाग बेचा पाढा म्हणत होती. एकदा तर तो चुकला आणि तिनं त्याला सुधारलं.

"किती वर्षांची?" मी विचारलं.

तिची आई चुलीपाशी होती. म्हणाली, "चार झाले की ओ. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाली माज्या माहेरात. करीच्या दिवशी झाली म्हणून सासूबाई लई बोलल्या."

जन्माची नोंद कुठंच नव्हती. पलीकडं घरातच बाळंतपण झालं, इकडं कुणी कळवलं नाही. त्या काळात असं पुष्कळ व्हायचं. मी वडलांना म्हटलं, पोरगी हुशार आहे, शाळेत बसवा, नाव मी घालते. ते बैल सोडत होते. म्हणाले, "तारीख काय लिवायची ते तुमीच लिवा मॅडम. आमाला काय कळायलंय त्यातलं?"

आमच्याकडच्या शाळांत एक जुनी रीत होती. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहायचे. जूनमध्ये शाळा उघडते, एक जूनला सहा पूर्ण, हिशेब सोपा. आमच्या भागात निम्म्या जुन्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे. त्या दिवशी ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो आणि एकतीस मेला सगळा तालुका एकदम निवृत्त होतो, यावर आम्ही हसतोसुद्धा. दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते जाड पुस्तक, सरांनी माझ्यापुढं उघडून ठेवलं. मी तिचं नाव लिहिलं आणि पुढं एक जून घातला. चारच्या पोरीला सहाची केलं. पट वीस झाला. सरांनी त्या दिवशी मला चहा पाजला.

मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मी लपवत नाही. उलट चांगलंच काम केलं असं वाटलं. पोरगी घरात धुरात बसण्यापेक्षा शाळेत आली, शाळा वाचली, कुणाचं काय बिघडलं? पुढं त्याच दाखल्यावर तिचं आधार कार्ड निघालं. मग तर ती तारीख दगडावरची रेघ झाली.

पोरगी खरंच तरतरीत निघाली. वर्गात सगळ्यात लहान, रांगेत कायम पहिली. बाक उंच पडायचा म्हणून ती मांडी घालून बाकावरच बसायची आणि मी रागवायची. मी तोंडाची फटकळ आहे, पोरं मला टरकून असतात. ती टरकायची नाही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत ती वाचायला लागली. चौथीनंतर ती निलंग्याच्या शाळेत जायला लागली, तेव्हा सकाळची जी एस.टी. मला गावात सोडायची तीच फिरून तिला घेऊन जायची. मी उतरायची, ती चढायची. आठ वर्षं आमची रोज सकाळची भेट म्हणजे एस.टी.च्या पायरीवरचं अर्धं मिनिट. त्यात ती गणितात किती पडले, कोणत्या मॅडम चांगल्या, कोणत्या खडूस, सगळं सांगून टाकायची. मागून कंडक्टर ओरडायचा, "अगं ए, चढ की आता!"

दहावीला तिला चांगले मार्क पडले. बारावी सायन्सही झाली. डॉक्टरकीच्या गप्पा तिनं कधी मारल्या नाहीत. तिला नर्स व्हायचं होतं, लातूरला, चार वर्षांचा कोर्स. का, तर तिच्या आजीला शेवटी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं तिला सलाईनची बाटली कशी बदलतात ते दाखवलं होतं. एवढंच कारण. गावातून आजवर कुणी मुलगी लातूरला जाऊन शिकली नव्हती. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मीच भरला, माझ्या घरी, माझ्या लॅपटॉपवर. हॉस्टेल कुठलं, सुट्टीत गाडी कोणती, कागदपत्रं कोणती, याची एक यादी तिनं वहीच्या मागच्या पानावर केली होती. मीही त्या जूनच्या बातमीत आधीच लिहून ठेवलं, गावातली पहिली मुलगी नर्सिंगसाठी लातूरला. मला राहवलं नव्हतं.

मे संपता संपता ती माझ्या घरी आली. त्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला का बघायला आली होती. नव्हता लागला. मी चहा ठेवला. ती पाठमोरी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी होती.

"मॅडम, परवा पाव्हणे येऊन गेले. आईच्या माहेराकडचे हायत. अण्णा म्हणायलेत, एक जून झाला की तारीख धरू."

"एक जूनचं काय मधेच?"

"माझे अठरा पूर्ण होतेत ना."

ती अगदी साधेपणानं बोलली. तिला तेच खरं वाटत होतं. आपण अठराची होतोय, वर्गातल्या बाकीच्यांसारखीच. चहा उतू गेला आणि मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

"तुला करायचंय लग्न?"

"मला लातूरला जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही अण्णाला सांगा ना. तुमचं ऐकतेत ते."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं गेले. सुट्टी होती, शाळेला कुलूप. तिचे अण्णा, म्हणजे वडील, ओसरीवर लग्नपत्रिकेचा नमुना बघत बसले होते. माणूस भला आहे, हे सांगायला हवं. दारू नाही, आरडाओरडा नाही, पोरीला बारावीपर्यंत रोज एस.टी.त बसवून पाठवणारा माणूस आहे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले.

"मुलगा चांगला हाय मॅडम. पुण्याला कंपनीत हाय. लग्नानंतर शिकवतो म्हणायलेत ते."

"सगळेच म्हणतात असं. यंदा नका करू. तिला शिकू द्या."

"भावकीतली लोकं म्हणायलेत, स्थळ परत यायचं न्हाई. आन् आमी कायद्यानं करायलोय. दोन वरसांमागंच विचारायलते लोकं, म्या न्हाई म्हनलं. अठरा होऊ द्या म्हनलं. पोलिसाची कटकट नको, पोरीला त्रास नको. एक जूनपतोर थांबलो की न्हाई?"

त्यांच्या आवाजात अभिमान होता. आसपासच्या गावांत पंधराव्या वर्षी उजवलेल्या पोरी मला माहीत आहेत. हा माणूस खरोखरच थांबला होता. मी लिहिलेल्या तारखेपर्यंत थांबला होता.

मग मी सांगितलं. म्हटलं, ती अठराची नाही. सोळाची आहे. चारची असताना मी सहाची लिहिली, पट भरायला. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. तिची आई दारात आली. मी तिला म्हटलं, "सांगा ना, करीच्या दिवशी झाली ना ही? त्या वर्षी चारच झाले होते ना?"

ती घाबरली की तिच्या तोंडून तिच्या माहेरची भाषा येते. "ब्याड री, मॅडम, ब्याड," ती म्हणाली. नको हो, नको. नवऱ्याकडं बघून ती आत निघून गेली.

वडलांनी पत्रिकेचा नमुना घडी करून बाजूला ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर मला बोलता आलं असतं, भांडणात मी हार जात नाही. त्यांनी हळूच विचारलं, "मंग मॅडम, तवा खोटं लिवलं, का आता खोटं बोलायलाव?"

मी म्हटलं, तेव्हा.

"आता पोरीला शिकवायचं म्हणून तुमी बोलायलाव. मला कळतंय. तुमचा लई जीव हाय तिच्यावर. पण कागदावर हाय ते हाय. आधारवर हाय, मार्कमेमोवर हाय. तुमच्याच हातचं हाय." मग त्यांनी बायकोला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं.

गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकांवर असते. मी तिथून सरळ ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक तरुण आहेत, कामाला चोख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला.

"मॅडम, मी लग्न थांबवतो," ते म्हणाले. "आज थांबवतो. पण सगळे कागद अठरा दाखवतात. माझ्या हातात काहीतरी पाहिजे. तुम्ही लिहून द्या, की ही नोंद तुम्ही चुकीची केली आणि खरं वय हे आहे. सही करा. पुढचं माझ्याकडं लागलं."

एवढं सोपं होतं ते. चार ओळी. मी पेन उघडलं. तारीख लिहिली. "मी खाली सही करणार" इथपर्यंत लिहिलं. आणि माझ्या डोक्यात सगळी गर्दी झाली. दाखलखारीजमध्ये खोटी नोंद म्हणजे निलंबन, चौकशी. सर निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलेलं, त्यांनाही ओढतील. त्या वर्षी पटावर आणखी कुणाकुणाच्या तारखा कशा घातल्या ते उकरून काढतील. माझ्या मुलाची यंदा बारावी. लोक काय म्हणतील हेसुद्धा डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग मला एक छान सबब सापडली. नर्सिंगला वयाची अट असते, डिसेंबरअखेर सतरा पूर्ण लागतात. खरं वय लावलं तर तिला दोन आठवडे कमी पडत होते. म्हणजे मी खरं लिहिलं तर यंदा तिचं कॉलेजही जाणार. मी ग्रामसेवकांना म्हटलं, "तिच्या प्रवेशाचा प्रश्न आहे यात. मी जरा विचार करते. उद्या देते."

ते म्हणाले, "उद्या नक्की या."

प्रवेश एक वर्ष मागं पडला असता, बाकी काही झालं नसतं. हे मला तिथल्या तिथं कळत होतं. एक वर्ष थांबून ती पुढच्या जूनला गेली असती, खऱ्या वयानं. तरी मी ती सबब घट्ट धरून घरी आले. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या मनाला पटेल ते कर. माझ्या मनाला काय पटत होतं हे मला चांगलं माहीत होतं, आणि तरीही मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवकांचा फोन आला, मी उचलला नाही. चौथ्या दिवशी पत्रिका आली. पत्रिकेवर त्यांनी माझं नाव निमंत्रकांत घातलं होतं, शाळेच्या मॅडम म्हणून.

त्या संध्याकाळी मी बातमीचं पान पुन्हा उघडलं आणि ती ओळ काढली. खालची ओळ वर सरकली. पानात काही कमी आहे असं बघून कुणाला वाटलं नसतं.

लग्नाला मी जाणार नव्हते. पण आदल्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला, "ती म्हणायली, मॅडम हळदीला आल्याच पाहिजेत." गेले. दारात मांडव होता, स्पीकर लागला होता, बायका उखाण्यांची चेष्टा करत होत्या. माझा मान मोठा, मला पुढं बसवलं, मलाही हळद लावायला लावली. तिच्या गालाला हात लावताना तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "मॅडम, आत चला जरा."

आतल्या खोलीत धान्याची पोती होती आणि तिच्या वह्या एका खोक्यात बांधून ठेवल्या होत्या. हळदीनं तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तिनं दार लोटलं.

"त्या दिवशी तुमी अण्णाला बोलला ते म्या ऐकलं," ती म्हणाली. "नंतर आईला लई विचारलं, ती रडतीय नुसती. तुमी सांगा. मी खरंच सोळाची हाय?"

"हो."

"म्हंजी सगळ्या वर्गात मी दोन वरसांनी लहान होते?"

"हो गं."

ती जरा हसली. लहानपणी भावाचा पाढा सुधारला होता तेव्हाही अशीच हसली होती, मला आठवलं. मग तिचं हसू गेलं. ती खोक्याकडं बघत म्हणाली, "मंग माझ्याकडं आनखी दोन वरसं होती की, मॅडम."

मी पोत्यावर बसले आणि रडले, तिच्यासमोर, तोंडाला पदर लावून. मी इतकी वर्षं पोरांना रडू नका म्हणून दटावलं आहे. ती माझ्यापाशी बसली. हाताची हळद माझ्या साडीला लागू नये म्हणून तिनं हात लांब धरले होते.

"ग्रामसेवक आले होते घरी," ती म्हणाली. "अण्णाला विचारून गेले. लिहून दिलं तर थांबतंय म्हणाले. मला आईनं सांगितलं."

बाहेरून बायकांनी तिला हाक मारली, पाहुणे आले म्हणून. ती उठली. दाराशी जाऊन परत वळली आणि मला समजावत असल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "आता कुणाला नका सांगू, मॅडम. तुमची नोकरी जाईल."

आणि मी मान हलवली.